कृत्रिम सूर्य आणि त्याची धातूची भिंत

पृथ्वीवर सूर्य निर्माण करण्याच्या प्रयत्नांविषयीं वर्तमानपत्रांतून अधूनमधून बातम्या येतात. त्यांत उष्णतेचा आंकडा बहुधा ठळक अक्षरांत छापलेला असतो. १५ कोटि अंश! सूर्याच्या गाभ्याच्या दसपट! वाचणारा थक्क होतो आणि सहज विचारतो कीं, एवढी आग ठेवतात तरी कशांत? उत्तर मिळतें कीं, ही आग भांड्याला शिवतच नाहीं. चुंबकाच्या बळानें ती अधांतरीं तोलून धरलेली असते. हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. त्यावरून असा समज होतो कीं, भोंवतालची धातूची भिंत म्हणजे बाहेरची हवा आंत येऊं न देणारें निर्जीव कवच. आगीच्या वर्तनाशीं तिला कर्तव्य नाहीं. वस्तुतः आग भिंतीला न शिवतांही तिच्या प्रत्येक हालचालीची वार्ता भिंतीला लागते आणि भिंत त्या हालचालीला उत्तर देते. तें उत्तर कोणतें, त्यानें कार्य किती साधतें आणि त्यांत भय कोणतें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

द्रव्याची चौथी अवस्था

घन, द्रव आणि वायु या द्रव्याच्या तीन अवस्था शाळेंत शिकविल्या जातात. वायूला अतिशय तापविलें म्हणजे त्याच्या अणूंतील ऋण विद्युत्कण सुटे होतात आणि धन व ऋण कणांचा एक मिश्र समुदाय तयार होतो. हीच चौथी अवस्था. हिला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य हा प्लाझ्माचाच गोळा होय. हायड्रोजनचे जड भाऊ ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांचीं केंद्रकें एकमेकांत मिळालीं म्हणजे हेलियमचें केंद्रक व एक न्यूट्रॉन निर्माण होऊन पुष्कळ ऊर्जा बाहेर पडते. यालाच अणुसंमीलन म्हणतात. परंतु दोन्हीं केंद्रकें धनविद्युत्-युक्त असल्यामुळें एकमेकांस दूर लोटतात. त्यांना बळेंच जवळ आणावयाचें म्हणजे त्यांचा वेग, अर्थात् प्लाझ्माची उष्णता, अफाट वाढविली पाहिजे.

असा प्लाझ्मा धरून ठेवण्याची जी युक्ति आजवर सर्वांत यशस्वी ठरली ती सोव्हिएत रशियांतील टाम आणि साखारोव्ह यांनीं १९५० च्या सुमारास सुचविली. तिच्या आधारें बनलेल्या यंत्राला टोकामाक म्हणतात. पाण्याचा हंडा डोक्यावर घेतांना बायका जी चुंबळ ठेवतात, तिच्या आकाराचें एक पोकळ पात्र कल्पावें. त्यांतील हवा काढून टाकलेली असते आणि आंत त्याच आकाराचें प्लाझ्माचें कडें फिरत असतें. बाहेरच्या वेटोळ्यांनीं एक चुंबकक्षेत्र निर्माण होतें. दुसरें क्षेत्र प्लाझ्मांतूनच वाहणाऱ्या विद्युत्-प्रवाहामुळें होतें. दोन्हीं मिळून दोरीच्या पिळासारखी रचना होते आणि त्या पिळांत प्लाझ्मा बांधला जातो.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. प्लाझ्मांतून स्वतः प्रचंड विद्युत्-प्रवाह वाहत असतो. घरांतील इस्त्रीला चार-पांच अँपिअर पुरतात. फ्रान्समध्यें उभारलें जात असलेल्या ईटर या यंत्रांत प्लाझ्माचा प्रवाह दीड कोटि अँपिअर व्हावयाचा आहे. एवढा प्रवाह जागचा हलला तर आसपासच्या धातूला तें कळल्यावांचून कसें राहील?

धातूचा स्वभाव

१८२४ सालीं फ्रान्समधील आरागो या शास्त्रज्ञाच्या नजरेस आलें कीं, होकायंत्राच्या सुईजवळ तांबें असलें म्हणजे सुईचे हेलकावे लवकर थांबतात. तांब्याला चुंबक चिकटत नाहीं. मग तें सुईला आवरतें कसें? याची उकल फॅरडेच्या १८३१ सालच्या शोधानें झाली. चुंबक हलला कीं जवळच्या धातूंत विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो. त्या प्रवाहाची दिशा ठरविणारा नियम लेन्झ यानें १८३४ सालीं मांडला. तो असा कीं, ज्या बदलामुळें प्रवाह उत्पन्न झाला त्या बदलालाच तो प्रवाह विरोध करतो. धातूच्या पत्र्यांत हे प्रवाह पाण्यांतील भोंवऱ्यांप्रमाणें गरगर फिरतात, म्हणून आपण त्यांना भोंवरे-प्रवाह म्हणूं. जुन्या विजेच्या मीटरांत ॲल्युमिनियमची चकती फिरे आणि तिच्याजवळ एक चुंबक बसविलेला असे. तो याच प्रवाहांच्या योगें चकतीला लगाम घाली.

ज्या घरांत शाळकरी मुलें आहेत तेथें एक प्रयोग अवश्य करून दाखवावा. हातभर लांबीची, जाड अंगाची तांब्याची नळी उभी धरावी आणि तिच्यांत मावेल असा बळकट चुंबक वरून सोडावा. साधा खडा सोडला तर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच खालीं पडतो; चुंबक मात्र मधांत सोडल्यासारखा सावकाश उतरतो. मुलांना मौज वाटते. पण शिक्षकानें त्यांचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे वेधावें: चुंबक हळू उतरतो खरा, पण तो थांबत नाहीं. कां थांबत नाहीं? तांब्यालाही थोडा विद्युत्-रोध असतोच आणि त्यामुळें भोंवरे-प्रवाह उष्णतेच्या रूपानें सतत विरत असतात. चुंबक थांबला तर बदल थांबेल. बदल थांबला तर नवा प्रवाह उत्पन्न होणार नाहीं. आणि प्रवाह गेला कीं आधारही गेला. म्हणून आधार मिळवावयाचा तर थोडेंथोडें पडत राहणें भाग आहे. हें ज्याला समजलें त्याला पुढील सर्व विषय समजला.

खांब हलवून पाहणें

आपल्या शास्त्रकारांचा स्थूणानिखनन-न्याय प्रसिद्ध आहे. खांब रोवणारा तो पुनः पुनः हलवून पाहतो आणि हलवीत हलवीतच पक्का करतो. प्लाझ्माचे अभ्यासक गणितांत हेंच करतात. कड्याला कल्पनेनें किंचित् ढकलावयाचें आणि पाहावयाचें कीं तें पूर्वस्थितीवर येतें कीं अधिकच ढळतें. वाटीच्या तळाशीं ठेवलेली गोटी ढकलली तर परत येते. पालथ्या वाटीवर ठेवलेली गोटी ढकलली तर गेलीच. दुर्दैवानें ज्या रचनांत प्लाझ्मापासून अधिक ऊर्जा मिळण्याची आशा असते, त्या बहुतेक पालथ्या वाटीसारख्या असतात.

भिंतीशीं ज्यांचा निकट संबंध येतो अशीं दोन अस्थैर्यें मुख्य आहेत. पहिलें वर-खालीं घसरण्याचें. कड्याचा छेद वाटोळा ठेवण्याऐवजीं उभट केला तर त्यांत अधिक प्रवाह मावतो आणि उष्णता अधिक टिकते. ईटरमध्यें हा छेद रुंदीच्या सुमारें पावणेदोनपट उंच आहे. असें ताणण्यासाठीं वर व खालीं वेटोळीं ठेवून त्यांतून प्लाझ्माच्याच दिशेनें प्रवाह सोडतात, कारण एका दिशेचे प्रवाह एकमेकांस ओढतात. आतां अडचण पाहा. वरच्या आणि खालच्या ओढीचा तोल साधला आहे तोंवर ठीक. पण कडें केंसभर वर सरकलें कीं वरची ओढ वाढते, खालची घटते, आणि कडें वर धांव घेतें.

दुसरें अस्थैर्य पिळाचें. सुतळीला प्रमाणाबाहेर पीळ दिला कीं ती मध्येंच वेडीवांकडी होऊन बाहेर येते. प्लाझ्मांतील प्रवाह किंवा दाब मर्यादेबाहेर गेला तर कडेंही तसेंच वांकतें आणि त्याचा एखादा फुगवटा भिंतीकडे झेपावतो. भिंत नसतांना हा दाब कोठवर वाढवितां येतो याचा हिशेब स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ट्रॉयाँ यांनीं १९८४ सालीं मांडला आणि तो पुढें सर्वमान्य झाला.

भिंत मुदत देते

आतां कड्याभोंवतीं धातूची भिंत आहे असें धरूं. कडें भिंतीकडे सरकलें कीं भिंतींत उलट्या दिशेचा भोंवरे-प्रवाह जागा होतो. उलट दिशेचे प्रवाह एकमेकांस लोटतात. म्हणून भिंत कड्याला न शिवतां मागें सारते. धातूला विद्युत्-रोध मुळींच नसता तर हें साह्य अक्षय झालें असतें. परंतु तांबें काय, पोलाद काय, प्रत्येकाला रोध आहे. नळींतील चुंबकाप्रमाणें कडें हळूहळू घसरतच राहतें.

तथापि या “हळूहळू” शब्दाचें मोल फार मोठें आहे. भिंत नसती तर ही घसरण मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लक्षांशांच्या, हिशेबानें झाली असती. तेवढ्या अवधींत कोणतेंही यंत्र जागें होऊन, हिशेब करून, प्रचंड वेटोळ्यांतील प्रवाह बदलूं शकत नाहीं. भिंत असली म्हणजे तीच घसरण मिलिसेकंदांवर येते आणि ईटरसारख्या जाड पोलादी पात्रांत तर सेकंदाच्या दशांशांपर्यंत लांबते. सावकारानें कर्ज माफ केलें नाहीं, पण मुदत वाढवून दिली, असा हा प्रकार आहे. मिळालेल्या मुदतींत मापकयंत्रें कड्याची जागा ओळखतात आणि वेटोळीं त्याला परत जागेवर आणतात. भिंत आणि वेटोळीं या दोहोंपैकीं एकानें काम भागत नाहीं. भिंतीवांचून वेटोळीं वेळेवर पोंचत नाहींत. वेटोळ्यांवांचून भिंतीची मुदत सरते.

हें शहाणपण एका दिवसांत आलें नाहीं. इंग्लंडांतील हार्वेल येथें १९५७ सालीं सुरू झालेल्या झीटा यंत्राचें पात्र ॲल्युमिनियमचें होतें. धातूच्या भिंतीनें प्लाझ्मा जागीं राहील ही आशा त्यांत होती. १९५८ च्या जानेवारींत यशाची घोषणा झाली आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत ती मागें घ्यावी लागली. दिसलेले न्यूट्रॉन सर्व प्लाझ्मा तापल्यामुळें आलेले नसून त्याच्या अस्थैर्यांतून उत्पन्न झाले होते. पुढें मॉस्को येथील टी-३ या टोकामाकानें १९६८ सालीं नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेंत सुमारें एक कोटि अंशांचा दावा केला. पुष्कळांनीं शंका घेतली. तेव्हां १९६९ सालीं इंग्रज शास्त्रज्ञांनीं स्वतः रशियांत जाऊन प्रकाशकिरणांच्या साह्यानें मोजणी केली आणि दावा खरा ठरला. त्या टी-३ भोंवतीं तांब्याचें कवच होतें. त्या काळचे प्रयोग क्षणजीवी होते. कवचाची मुदत संपण्यापूर्वींच प्रयोग संपे. प्रयोग लांबूं लागले तशी तांब्याची मर्यादा उघडी पडली. शिवाय कवच अखंड ठेवतां येत नसे. ज्या युक्तीनें प्लाझ्मांत प्रवाह सोडतात त्याच युक्तीनें तो अखंड कवचांतही वाहिला असता. म्हणून कवचाला चिरा ठेवाव्या लागत आणि त्या चिरांपाशीं चुंबकक्षेत्र वांकडें होई.

फिरत्या कड्याचें रहस्य

आतां पिळाच्या अस्थैर्याकडे वळूं. जर्मनींतील गार्खिंग येथील फिर्श आणि तासो यांनीं १९७१ सालीं गणितानें असें सिद्ध केलें कीं, जें अस्थैर्य भिंत नसतांना उद्भवतें तें रोधयुक्त भिंतीनें मंद होईल, पण नष्ट होणार नाहीं. हा निर्णय निराशाजनक खरा. कारण संमीलनापासून मिळणारी ऊर्जा साधारणपणें दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दाब दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. भिंतीच्या साह्यानें दाब वाढवितां आला नाहीं तर भट्टी मोठी व महाग होणार आणि तिच्यापासून मिळणारी वीज कोणाला परवडणार?

परंतु त्या सिद्धान्तांत एक गृहीत होतें: कडें स्थिर उभें आहे. तें भरवेगानें फिरत असेल तर? फिरणाऱ्या कड्याचा फुगवटा भिंतीच्या एका जागेसमोर थांबत नाहीं. भिंतीच्या दृष्टीनें बदल सतत चालू राहतो. बदल चालू म्हणून भोंवरे-प्रवाह ताजा. प्रवाह ताजा म्हणून आधार कायम. फिरण्याबरोबर प्लाझ्मांतील घर्षणासारख्या क्रियांची जोड मिळाली तर अस्थैर्य पूर्णपणें दबतें, हें बाँडेसन आणि वॉर्ड यांनीं १९९४ सालीं गणितानें दाखविलें. अमेरिकेंत सान डिएगो येथील डी-थ्री-डी या यंत्रावर त्याची प्रचीति आली. वेटोळ्यांच्या मांडणींतील सूक्ष्म दोष कड्याचा वेग मारतात, असें तेथें दिसून आलें होतें. ते दोष इतर वेटोळ्यांनीं सुधारले तेव्हां कडें फिरत राहिलें. आणि भिंत नसतांना जी दाबाची मर्यादा असते तिच्या दुपटीपर्यंत दाब टिकवून धरतां येतो, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. गणितांतील सिद्धान्त खोटा पडला नव्हता. त्याच्या गृहीतापलीकडची वाट सांपडली होती.

दुसरी वाट इटलींतील पादोवा येथें चोखाळली गेली. तेथील आर्-एफ्-एक्स् या यंत्राची जात टोकामाकाहून थोडी भिन्न, पण भिंतीचा प्रश्न तोच. आरंभीं त्याला ६५ मिलिमीटर जाडीचें ॲल्युमिनियमचें कवच होतें. पुढें यंत्राची पुनर्रचना झाली तेव्हां तें जाड कवच काढून अवघें ३ मिलिमीटर जाडीचें तांब्याचें कवच बसविलें आणि सर्व अंगावर १९२ वेटोळीं पसरलीं. प्रत्येक वेटोळें आपल्या जागेपुरतें चुंबकक्षेत्र मोजून घेतलेल्या हिशेबाप्रमाणें स्वतंत्रपणें चालतें. तांब्याच्या त्या पातळ पत्र्याची मुदत सुमारें ५० मिलिसेकंद; तेवढी गणकयंत्राला पुरते. “बुद्धिमान् कवच” ही कल्पना बिशप यांनीं १९८९ सालीं मांडली होती. त्यांनीं पुढें यंत्रांना शिकविण्याच्या शास्त्रांत मोठें नांव कमावलें.

भिंतीवर येणारें संकट

येथवर भिंतीचे उपकार सांगितले. आतां तिला सोसावें काय लागतें तेंही पाहिलें पाहिजे. लेन्झचा नियम जसा कड्याला मागें लोटतो तसा भिंतीलाही लोटतो. वेटोळ्यांना आवरणें जमलें नाहीं आणि कडें एकाएकीं विझलें, म्हणजे लक्षावधि अँपिअरचा प्रवाह क्षणांत नाहींसा झाला, तर तो बदल भिंतीला जाणवतो आणि तिच्यांत प्रचंड भोंवरे-प्रवाह उसळतात. कडें भिंतीवर आदळलें तर त्याचा कांहीं प्रवाह प्रत्यक्ष भिंतींतून वाहूं लागतो. तीव्र चुंबकक्षेत्रांत वाहणाऱ्या या प्रवाहांवर शेंकडों टनांचें बळ येऊं शकतें. इंग्लंडांतील कलहॅम येथें १९८३ पासून २०२३ पर्यंत चाललेल्या जेट या यंत्राचें निर्वात पात्र सुमारें शंभर टनांचें. पण अशा प्रसंगीं तें सबंध पात्र कांहीं मिलिमीटर बाजूला सरकल्याची नोंद आहे. म्हणून अभियंता भिंतीची जाडी ठरवितांना केवळ “मुदत किती मिळेल” एवढाच विचार करीत नाहीं; “आघात किती बसेल” हाही विचार त्याला करावा लागतो.

दुसरी अडचण अंतराची. भिंत कड्याला जितकी जवळ तितकें साह्य अधिक. परंतु वीज निर्माण करणाऱ्या खऱ्या भट्टींत कडें आणि भिंत यांच्यामध्यें एक जाड वेष्टन हवें. न्यूट्रॉन अडवून त्यांची उष्णता घेणें आणि लिथियमपासून नवें ट्रिटियम बनविणें हीं त्याचीं कामें. त्या वेष्टनामुळें भिंत दूर जाते आणि तिचा आधार क्षीण होतो. तिसरी अडचण विचित्र आहे. भिंत जशी कड्याच्या हालचालीला विरोध करते तशीच ती बाहेरच्या वेटोळ्यांच्या उपायालाही विरोध करते. औषध घेऊन आलेल्या वैद्याला दारांतच थांबवावें तसें. म्हणून ईटरमध्यें कांहीं वेटोळीं भिंतीच्या आंतल्या बाजूस बसविण्याची योजना आहे.

आपल्या देशाचा भाग

या उद्योगांत भारत केवळ प्रेक्षक नाहीं. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेंत आदित्य हें देशांत बांधलेलें टोकामाक १९८९ सालीं चालू झालें. तेथेंच एस्-एस्-टी-१ या अतिवाहक चुंबकांच्या यंत्रांत २०१३ सालीं प्रथम प्लाझ्मा निर्माण झाला. त्याच्या आराखड्यांत उभट कडें सांवरण्यासाठीं पात्राच्या आंतच तांब्याच्या मिश्रधातूचे पट्टे योजलेले आहेत. त्यांचें प्रयोजन काय, हें वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

ईटरच्या सात भागीदारांत भारत एक आहे. त्या यंत्राचें निर्वात पात्र दुहेरी पोलादी भिंतींचें आहे आणि त्या दोन भिंतींमधील पोकळींत बसवावयाचे पोलादाचे ठोकळे पुरविण्याचें काम भारताकडे आलें. पुष्कळ ठोकळ्यांत न्यूट्रॉन शोषण्यासाठीं बोरॉन मिसळलेलें असतें. कांहीं चुंबकीय गुणाच्या पोलादाचे असतात व ते बाहेरच्या वेटोळ्यांमधील फटींमुळें क्षेत्रांत पडणाऱ्या लाटा सपाट करतात. म्हणजे भिंतीच्या पोटांतील लोखंडही प्लाझ्माच्या स्वास्थ्यासाठीं झटत असतें. सर्व यंत्राला बाहेरून वेढणारें २९ मीटर उंचीचें, सुमारें ३,८५० टनांचें पोलादी कवच गुजराथेंत हजीरा येथें लार्सन आणि टूब्रो यांच्या कारखान्यांत तयार झालें आणि त्याचा तळ २०२० च्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें जागेवर बसविण्यांत आला.

ईटरच्या २०२४ सालीं जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणें प्रयोगांना २०३४ सालीं आरंभ व्हावयाचा असून ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्यें करण्याचें योजिलें आहे. आज शाळेंत असलेलीं मुलें तेव्हां कर्त्या वयाचीं होतील. तोंवर वर्तमानपत्रांतून उष्णतेचे आणि ऊर्जेचे नवे उच्चांक छापून येतील. ते वाचतांना त्यांनीं आणखी तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. कडें किती वेळ टिकलें? तें ढळलें तेव्हां त्याला सांवरावयाला अवधि किती होता? आणि सांवरतां आलें नसतें तर भिंतीवर काय ओढवलें असतें? उच्चांक एका क्षणांत गांठतां येतो. वीज मात्र वर्षानुवर्षें, अहोरात्र मिळावी लागते. त्या दीर्घ वाटेवर प्रत्येक क्षणीं थोडी मुदत मिळवून देणाऱ्या या मुक्या भिंतीचें काम ज्याला उमगलें, त्याला या विद्येची खरी किंमत कळूं लागली असें समजावें.